अर्धा कोयता

फळ्यावर दोरी काढता काढता हात अडखळला आणि खडू मोडला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पेरू देशाचा इतिहास शिकवत होतो. पेरू म्हटल्यावर वर्ग हसतो, दरवर्षी हसतो, आणि हसू ओसरेपर्यंत मी दरवर्षी खिडकीबाहेर बघतो. तिथल्या इंका राजांच्या काळात लिपी नव्हती, माणसं मोजायला ते लोक दोरीला गाठी मारत, एक आडवी दोरी आणि तिला लोंबणाऱ्या पुष्कळ दोऱ्या, एवढं सांगून मी पुस्तकातलं चित्र फळ्यावर उतरवायला घेतलं होतं. आडवी झाली, लोंबत्या झाल्या, गाठी झाल्या. मग हातानं मला न विचारता एका दोरीच्या टोकाला सैल, फासासारखी गाठ काढली. ती पुस्तकात नव्हती. ती गाठ माझ्या बापाची होती. मी डस्टर घेऊन घाईघाईनं पुसली, पण तोवर पहिल्या बाकावरच्या दोघींनी ती वहीत उतरवून घेतली होती. आता त्या ती परीक्षेत काढणार आणि मी तिला मार्क देणार. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.

माझे वडील म्हणजे सटवा मुकादम. शिरूर कासारच्या पुढे, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. दसरा झाला की ते, आमचे दादा, गावची माणसं ऊसतोडीला खाली नदीकाठच्या कारखान्यांवर नेत. अक्षराची आणि त्यांची ओळख नव्हती, म्हणून अंबाडीच्या सुतळीला गाठी मारून ते टोळी मोजत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्याची पक्की गाठ. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, त्याची सैल. जित्याजागत्या माणसाला अर्धं म्हणण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आई तोडीवरच गेली. मी आठ वर्षांचा होतो. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, ती तीन दिवस तापानं फणफणत होती, आणि चौथ्या दिवशी दादांनी कोपीबाहेर उकिडवं बसून स्वतःची गाठ नखांनी सोडवली आणि सैल मारली. सुतळी सुटली तरी तिच्यातली मोड जाईना. दादा ती अंगठ्यानं दाबून दाबून सरळ करत बसले होते. दुसऱ्या दिवशी माझी आक्का, सारजा, वय वर्षं बारा, आईचा कोयता घेऊन दादांच्या जोडीला फडात उतरली. गाठ परत पक्की झाली आणि मला शाळेत घातलं. आक्काला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. माझ्या एम.ए.ची पदवी बीडच्या घरात भिंतीवर लावली आहे. तिच्याकडे बघताना कधी कधी मला जळत्या पाचटाचा वास येतो, आणि मी उठून खिडकी उघडतो. सुंदरा, माझी बायको, म्हणते, कसलाही वास नाही.

तास संपतो न संपतो तोच शिपाई दारात उभा. भगवानरावांनी बोलावलं होतं. भगवानराव आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आणि खाली नदीकाठच्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. आमच्या भागात ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. बहात्तर साल होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तिसरा नुसता ढग दाखवून गेला होता. बीडमध्ये नळापाशी पहाटेपासून घागरींची रांग लागे. माणसं घरी जात, घागरी रांगेत थांबत. भगवानरावांच्या खोलीत मात्र त्यांच्या माणसानं काठोकाठ भरलेला ग्लास माझ्यापुढे ठेवला. त्या वर्षी अख्खा ग्लास पाणी पुढे ठेवणं म्हणजे काय, ते देणाऱ्यालाही कळत होतं आणि घेणाऱ्यालाही.

"काय चाललंय वर्गात?" त्यांनी विचारलं.

"पेरू देश. स्पॅनिश लोकांची राजवट."

"बरं, बरं. शिकवा. पोरांना जग कळाय पायजे." त्यांनी टेबलावरचा कागद नीट केला. "तुमच्या गावचे चाळीस कोयते मुकादम होते तवर आपल्याकडं येत होते. यंदा यायचे न्हाईत म्हणतेत. बेलभंडारा उचललाय म्हणे, आपल्या कारखान्यावर पाय ठिवायचा न्हाई म्हणून."

का उचललाय ते मला ठाऊक होतं. मागच्या हंगामात, दादा वारले त्याच्या थोडं आधी, कारखान्याच्या तळावर कोप्यांना आग लागली. बाया-माणसं फडात होती, आणि आत झोपलेली दोन लेकरं गेली. कारखान्याचं कुणी तळाकडे फिरकलंही नाही. भगवानरावांनी माझ्या तोंडावरून ते वाचलं असावं.

"लई वाईट झालं ते," ते म्हणाले. "पर आग काय कारखान्यानं लावली का? आन् कारखाना तरी कुणाचा? सभासदाचा. मंजी तुमचा-आमचाच. ऊस उभा वाळायलाय, गहिनीनाथराव. तुमी फकस्त जाऊन बसा गावात. मुकादमाचं पोरगं पारावर दिसलं की बास." मग उठता उठता, जणू आत्ता आठवलं म्हणून, "तुमची नोकरी कायम करायचा कागद हाय माझ्या ध्यानात. तिसरं वर्ष ना हे?"

तिसरंच होतं. मी ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला, आणि बरं म्हणालो.

शिरूरच्या एस.टी.त खिडकीशी बसलो तेव्हा बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. जमीन उघडी, बाभळी उघड्या, गुरं दिसायचीच बंद झाली होती. अशा वेळी मन आपसूक शिकवलेल्या गोष्टींकडे जातं. इंकांच्याही कितीतरी आधी त्या देशाच्या कोरड्या किनाऱ्यावर, जिथं वर्षानुवर्षं पाऊसच पडत नाही, लोकांनी जमिनीच्या पोटातून पाट खणून पाणी आणलं होतं. हे मी बीडच्या मुलांना खजाना बावडीचं उदाहरण देऊन सांगतो आणि त्यांना ते लगेच कळतं. पुढे इंकांनी डोंगराला पायऱ्या पाडून शेती केली, रस्ते बांधले, दुष्काळासाठी गावोगाव कोठारं भरून ठेवली. ही कामं पाळीपाळीनं व्हायची. पाळीला त्यांचा शब्द होता मिता. ज्याची पाळी असेल त्यानं यायचं, आणि त्याच्या खाण्यापिण्याचं राजानं बघायचं. आमच्याकडे इर्जिक होती तशी. एखाद्या विधवेचं रान नांगरायचं राहिलं की सगळ्या गावचे बैल एका दिवशी तिच्या बांधावर उभे राहायचे, संध्याकाळी पुरणाचं जेवण, आणि देण्याघेण्याचा विषय नाही. दादा इर्जिकीला पहिले असायचे. मग स्पॅनिश आले. त्यांनी राजा मारला, कोठारं फोडून खाल्ली, पण पाळीचा शब्द तेवढा ठेवला, कारण लोक त्या शब्दाला उठून यायला सरावले होते. त्यांना चांदीचा डोंगर सापडला होता. दर सात बाप्यांतला एक दरवर्षी त्या डोंगराच्या पोटात उतरायचा. दोन-दोन महिने चालत जायचे, बायका-मुलं, जनावरं, भांडी घेऊन. निघताना गावात ढोल वाजायचे आणि लोक मेल्यासारखे रडायचे. आणि त्यांना आणायला स्पॅनिश माणूस कधी गावात जात नसे. गावचाच मुखिया त्यांना मोजून आणून द्यायचा. त्यांच्याच बोलीचा, त्यांच्याच देवाचा. त्याला म्हणत कुराका. संख्या कमी भरली तर ती त्याच्या अंगावर. वर्गात मी हा भाग फार रंगून सांगतो. फळ्यावर 'अप्रत्यक्ष सत्ता' असं लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो. सहकार हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला इर्जिकच आठवली होती. मला तो फार आवडला होता.

त्या एस.टी.त मी ठरवलं की सांगून टाकायचं. जाऊ नका म्हणायचं. खडी फोडायचं सरकारी काम गावाला मंजूर झालंय, आज ना उद्या सुरू होईल, तोवर दम धरा. कागद भगवानरावांच्या ड्रॉवरमध्ये कुजला तरी चालेल. आणि मनकर्णाला, आक्काच्या पोरीला, बीडला घेऊन यायचं. ती सातवीला केंद्रात पहिली आली होती. जूनमध्येच यायची, पण दुष्काळात आक्काला एकटी सोडवेना म्हणून राहिली. मी मुलींच्या शाळेत मोठ्या बाईंना भेटून दिवाळीनंतरची जागा धरून ठेवली होती, आणि सुंदरानं आमच्या दोन खोल्यांतला एक कोपरा तिच्यासाठी रिकामा केला होता. आक्काला मी शब्द दिला होता. मला वाटायचं, एवढं एक झालं की त्या पाचटाचा वास जाईल. एस.टी.त मी फार शूर होतो.

गावात शिरताना पहिल्यांदा जाणवली ती शांतता. कुत्री भुंकत नव्हती. विहिरीच्या तळाशी दोन बाया वाटीनं पाणी भरत होत्या आणि वर काठावर दहा-बारा जणी मुकाट बसून होत्या. वाटी घासल्याचा आवाज तेवढा वर येत होता. मी पारावर जाऊन बसलो तशी माणसं एकेक करून जमली. कुणी हाक मारली नव्हती. दादा जिथं बसत तिथं मी बसलो नव्हतो, मुद्दाम दोन हात सोडून बसलो होतो. पण ती मोकळी जागा माझ्या शेजारी राहिली आणि त्यामुळे उलट मला कसंतरीच होऊ लागलं.

"भगवानरावानं पाठीवलं का, मास्तर?" तात्याबांनी विचारलं. गावातलं सगळ्यात जुनं माणूस, दादांच्या टोळीत तीस हंगाम केलेले. जळालेल्या दोन लेकरांतला एक त्यांचा नातू.

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हणालो.

"मग बोला."

मला थेट बोलता येत नाही. हा दोष माझ्या पेशाचा की माझा, ते ठाऊक नाही. जाऊ नका, एवढे दोन शब्द बोलायला मी गेलो होतो आणि सांगत बसलो पेरू. चांदीचा डोंगर सांगितला, सातातला एक सांगितला, पाठीवर खनिजाची पोती घेऊन कातड्याच्या शिड्यांनी वर येणारी माणसं सांगितली, बाहेरच्या थंडीत घाम थिजून मेलेली सांगितली. मुखियाचंसुद्धा सांगितलं. माणसं एवढी कान देऊन ऐकत होती की माझ्या वर्गानं तीन वर्षांत कधी तसं ऐकलं नव्हतं. मी थांबलो. आता त्यांना कळलं, असं मला वाटलं.

"तिथं पाणी हुतं का?" तात्याबांनी विचारलं.

"कुठं?"

"त्या चांदीच्या डोंगरापशी."

मी इतिहासाचा मास्तर. वर बर्फाचे डोंगर होते, स्पॅनिशांनी तळी बांधून घेतली होती, हे मला ठाऊक होतं. "होतं," मी म्हणालो. "तळी होती. पुष्कळ होतं."

पारावर एक हालचाल झाली. कुणी तरी सुस्कारा टाकला. "आन् जी माणसं गावात ऱ्हायली, त्येंचं काय झालं?" तात्याबांनी पुढे विचारलं.

"गावं ओस पडली. पाट बुजले, रानं पडीक झाली."

"मंजी ऱ्हाऊन बी मेलीच." त्यांनी मान हलवली, सावकाश, हिशोब पटल्यासारखी. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "मास्तर सरळ कावून बोलत न्हाईत, आता कळलं का? आपुन बेलभंडारा उचललाय. त्यो मोडा असं त्येंच्या तोंडानं कसं सांगतील? पर सांगितलं त्येंनी. गेलेल्याला पाणी घावलं, ऱ्हायलेल्याला न्हाई. मुकादमाच्या घरातून शब्द आला, देव बी ऐकून घिईल."

नाही, तात्याबा, मला उलटं म्हणायचंय. हे वाक्य माझ्याजवळ पुरतं तयार होतं. तेवढ्यात माझी नजर विहिरीकडे गेली. वाटी अजून घासत होती. दम धरा म्हणजे नक्की कशावर धरा, हे मला सांगता आलं असतं का? की हे मी नंतर रचलेलं कारण आहे, आणि त्या क्षणी मला ड्रॉवरमधला कागद दिसत होता? पुष्कळ विचार करूनही मला याचं उत्तर सापडत नाही. मी घसा खाकरला. त्यांनी तोच होकार धरला आणि बायांना सांगायला उठले. उठताना तात्याबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात दादांच्या गुडघ्यावर ठेवल्यासारखा होता.

आक्काच्या दारात पोचलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. दाजी दोन वर्षांमागे विहीर खणताना सुरुंगात गेले. तेव्हापासून ती आणि मनकर्णा. आक्कानं मला पाणी दिलं नाही, गुळाचा खडा हातावर ठेवला आणि हसली. मला बरं वाटलं.

"मी बी जाते," ती म्हणाली. "पोरीला तू ने. माझ्या जिवाचा घोर गेला, नाथा."

"तुला एकटीला घेतील का?"

"अर्धी हाय मी. पर तू मुकादमाचा ल्योक हायस. तुझ्या शब्दावर घेतील की."

"घेतील," मी म्हणालो. आणखी एक वाक्य तिथं बसत होतं. आक्का, तूही चल बीडला. दोन खोल्या आहेत, होईल कसंतरी. ते माझ्या मनात आलं, तोंडात आलं नाही. सुंदरा काय म्हणेल, नळाला पाणी किती येतं, हे सगळं एका क्षणात मोजून झालं होतं. मला मोजता येतं, ते आमच्या रक्तातच आहे. आतून मनकर्णा आली. उंच झाली होती, आक्काचंच तोंड. तिनं मला एकामागून एक प्रश्न विचारले. शाळेत जमिनीवर बसतात की बाकावर, विज्ञानाला वेगळी खोली असते म्हणे ते खरं का, मामीला स्वयंपाकात काय काय मदत लागते. मी सगळ्याची उत्तरं दिली. बाकावर, म्हणालो. खोली वेगळी असते, म्हणालो.

गाड्या तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या. ऊन चांगलं वर आलं होतं. दोन ट्रक, कारखान्याचा एक माणूस, त्याच्या हातात यादी. तात्याबांनी चाकापुढे नारळ फोडला आणि फुटलेल्यातलं पाणी पोरांनी जमिनीवर पडू दिलं नाही. माणसं चढू लागली. भांडी, पोती, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, धाकटी पोरं, सगळं वर जात होतं आणि कारखान्याचा माणूस जोडीजोडीनं मोजत होता. कुणी रडत नव्हतं. रडण्याची मला सवय होती, पुस्तकात ती सगळी रडतात. हे नुसतं चढत होते. आक्का दुसऱ्या ट्रकमध्ये फळीला धरून उभी होती. खाली माझ्या शेजारी मनकर्णा. आम्हाला बाराची एस.टी. होती. तिच्या पायाशी तिचं गाठोडं.

"एकुणचाळीस," कारखान्याचा माणूस म्हणाला. "आन् ही कोण?"

"सारजाबाई," कुणी तरी सांगितलं. "अर्धा कोयता हाय. मुकादमाची लेक."

"अर्धा यंदा घ्यायचा न्हाई. चाळीस मंजी चाळीस पायजेत मला. भरत नसतील तर मागची गाडी रिकामी करतो आन् म्होरल्या गावातली भरून घेतो. लई गावं बसल्यात वाट बघत." तो अरेरावीनं बोलत नव्हता. कंटाळला होता. गाडीची पाठीमागची फळी पाडायला त्यानं ड्रायव्हरला खूण केली.

मागच्या ट्रकमध्ये वीस बिऱ्हाडं होती. ती सगळी माझ्याकडे बघू लागली. आक्का बघत नव्हती. ती फळीवरून पाय खाली टाकत होती. "मी ऱ्हाते," ती म्हणाली. "माझ्यापायी कावून थांबता? मी आपली ऱ्हाते हितं. जावा तुमी." खाली उतरून ती एकटी कशावर जगणार होती ते त्या विहिरीकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. ती उतरली तरी संख्या भरत नव्हती. मी अजून म्हणू शकत होतो, चल बीडला. मी म्हणू शकत होतो, गाडी न्यायची तर ने. मी तोंड उघडलं आणि माझा वर्गातला, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज मला ऐकू आला.

"अर्धा नाही तो. जोडी आहे. माय-लेकीची."

"बरं," कारखान्याचा माणूस म्हणाला आणि यादीवर खूण केली. "चाळीस."

आक्काचा पाय फळीवर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आयुष्यभर बाळगला असता, पण राग नव्हता. ती लगबगीनं मागे सरली आणि शेजारच्या पोत्याला ढकलून एका माणसाची जागा करू लागली. दोन दिवस प्रश्न विचारून मला भंडावून सोडलेल्या पोरीनं चाकावर पाय ठेवला, फळीला हात घातला आणि आईसारखीच एका झटक्यात वर गेली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. तिनं वरून खाली वाकून हात पुढे केला.

"मामा, तेवढं वर द्या."

गाठोडं हलकं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचलून दिलं. वरच्या घडीतच सातवीचा दाखला ठेवलेला होता, बीडला पोचल्यावर शोधाशोध नको म्हणून.